नव्वद फवारे

तळेखोल गावात शिमग्याच्या पालखीला अत्तर लावायचा मान रेवाळ्यांचा. हा मान केवढा मोठा, ते बाहेरच्या माणसाला समजावणं जरा अवघड आहे. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकते, गुरव देवांची चांदीची रुपं, म्हणजे मुखवटे, सारखी करतो आणि मग कुणीतरी ओरडतं, "अत्तरवालं खंय... अरे, कुठं गेलं अत्तरवालं?" की रेवाळे पुढे होतात, तिन्ही रुपांना हिन्याचा फाया लावतात आणि मागे सरकतात. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा कारभार. एवढ्या अर्ध्या मिनिटासाठी आत्माराम रेवाळे, म्हणजे आपले आत्मारामभाऊ, रत्नागिरीच्या कचेरीतून दरवर्षी चार दिवसांची रजा टाकत. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण ती रजा नामंजूर करायची छाती कुणाला झाली नाही.

भाऊंचे चुलतभाऊ रावजी. भाऊंपेक्षा सहा महिन्यांनी मोठे, आणि ते सहा महिने त्यांनी आयुष्यभर वापरले. रावजींच्या घराकडे पालखीपुढे अब्दागिरी धरायचा मान. अब्दागिरी उन्हातून तीन-तीन तास धरावी लागते, अत्तराला अर्धं मिनिट पुरतं. रावजींची नजर कशावर होती हे वेगळं सांगायला नको.

भाऊ सत्तावन्नचे. पुढल्या वर्षी निवृत्ती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर सांगितली, तेव्हापासून भाऊंनी एक वाक्य धरलं होतं. विमलावहिनी म्हणाल्या, "अहो, सकाळी जरा चालून या," की भाऊ म्हणत, "आमचं काय आता, पिकलं पान. आज आहे, उद्या नाही." आणि तेच वाक्य म्हणत आमरसाची दुसरी वाटी पुढे ओढत. चालायचं टाळायलाही तेच आणि खायलाही तेच. वहिनींना त्या पिकल्या पानाचा भयंकर वीट आला होता.

तर अशा ह्या घरात डिसेंबरात एक बाटली आली. भाऊंची एकुलती एक लेक संस्कृती जर्मनीत नोकरीला. तिने एका येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवली आणि फोनवर समजावलं.

"बाबा, हे साधं सेंट नाही हां. नीश परफ्यूम आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे फार थोड्या लोकांना आवडतं असं."

"मग ते आम्हाला का पाठवलंस?"

"ऐका ना! मंगोलियातल्या भटक्या मेंढपाळांवरून केलंय. त्यांच्या तंबूतली संध्याकाळ. आणि युनिसेक्स आहे. तुम्ही लावा, आईने पण लावायचं. दोघांना मिळून एकच."

लग्नाला तीस वर्षं झाली तरी भाऊ-वहिनींनी दोघांत मिळून एकच असं फक्त रेशनकार्ड वापरलं होतं. तरी रविवारी सकाळी दोघांनी लावून बघितलं. वहिनींनी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि बऱ्याच विचाराने सांगितलं, "गोठ्यात कुणीतरी चूल पेटवलीय. वर ताक सांडलंय."

भाऊंना हा लेकीचा अपमान वाटला. सोमवारी ते मुद्दाम अत्तर लावून कचेरीत गेले. अकरा वाजता शिपायाने नाक वर केलं, "काहीतरी जळतंय" म्हणाला आणि मेन स्विच बंद केला. वायरमन येऊन सगळ्या खोल्या हुंगून जाईपर्यंत दीड तास गेला. वायरमन सगळ्यात जास्त वेळ भाऊंच्या टेबलापाशी थांबला होता. भाऊ मान खाली घालून फाईल वाचत राहिले.

वरच्या मजल्यावर निलेश राहतो. औषधकंपनीचा विक्रेता असल्यामुळे जगातल्या सगळ्या द्रवांविषयी त्याला मत आहे. तो म्हणाला, "भाऊ, तुमची पद्धत चुकतेय. मनगटावर मारून घासायचं नाही, वास मोडतो. गुडघ्याच्या मागे मारा. उष्णतेने वर चढतो." भाऊंनी गुडघ्यामागे मारलं. चढला. संध्याकाळी इमारतीचं कुत्रं त्यांच्या पायाशी येऊन बसलं, ते जेवायच्या वेळेपर्यंत हललं नाही. मग बाटली कपाटात गेली आणि तिथेच राहिली असती.

पण शिमगा आला. हिन्याचं अत्तर रेवाळे चार पिढ्या राजापूरच्या बाजारातल्या एकाच दुकानातून आणत. भाऊ एसटीने राजापूरला उतरले, तर दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकलेली. म्हातारे अत्तरवाले मुंबईला मुलाकडे गेले ते कायमचेच. आता रत्नागिरीत काही अत्तराचा दुष्काळ नव्हता. पण चार पिढ्यांचं दुकान सोडून कुठल्याही दुकानातलं अत्तर देवीला लावायचं, हे भाऊंच्या मनाला पटेना. रत्नागिरीतलं पटेना आणि मंगोलियातलं पटलं, ह्याला काय म्हणावं? पण तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाची विचार करायची एक रीत असते. पालखीत रुपं तीन. नवलाई आणि पावणाई ह्या देवी, केदारलिंग देव. म्हणजे अत्तर असं हवं की जे बायकांनाही चालेल आणि पुरुषांनाही. तसं स्पष्ट लिहिलेली एकच बाटली भाऊंच्या माहितीत होती.

"अहो, गुरवांना एकदा विचारा तरी," वहिनी म्हणाल्या.

"पोरीने एवढ्या लांबून पाठवलंय. घरच्या लेकीचं देवीला चालणार नाही होय?"

वहिनींनी कपाटातून बाटली काढून पुसून ठेवली. लेक तीन वर्षांत घरी आलेली नव्हती.

शिमग्याच्या दिवशी सहाणेवर हाक आली. भाऊ नवं धोतर सावरत पुढे झाले. फाया नाही, कुपी नाही. खिशातून खोका, खोक्यातून काळी चौकोनी बाटली काढली आणि तिन्ही रुपांवर फुस्स, फुस्स, फुस्स केलं. गाव बघत राहिलं. मग पहिल्या रांगेतल्या चिमाआजीला सात शिंका आल्या. धाकू गुरव, वय वर्षं पंच्याहत्तर, त्यांनी नाक पुढे करून बराच वेळ वास घेतला आणि हातानेच खूण केली. पालखी उचलली आणि नाचली मात्र अशी की गेल्या दहा वर्षांत नाचली नव्हती. अर्धं गाव म्हणालं देवी खूश झाली. उरलेलं म्हणालं देवीला बसवत नाहीये.

एवढ्यावर निभावलं असतं. पण रावजींचा मुलगा रितेश मुंबईहून आला होता. त्याने भाऊंच्या हातातला खोका कौतुकाने मागून घेतला, त्यावर मोबाईल धरला आणि मोबाईलने केलेलं मराठी मोठ्याने वाचलं. "तंबूचा धूर. घोड्याचे जुने खोगीर. घोडीचे आंबलेले दूध. अंतहीन गवत."

ढोल थांबला.

"आत्मा," रावजी म्हणाले, "देवीला घोड्याचा कातडा लावलास?"

"कातडं नाही रे दादा. नुसता वास."

"वास कशाचा पन? कातड्याचाच ना?"

"ढोलाला काय लावलंय मग? कातडंच ना ते?"

"ढोल आपन वाजवतो. देवीच्या तोंडाला लावतो काय?"

ह्याला भाऊंना उत्तर सुचलं ते तीन दिवसांनी, रत्नागिरीत अंघोळ करताना, आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

गावकी देवळात बसली. रावजींनी ठराव मांडला की आत्माने कागद आणावा. अत्तरात घोडा नाही, कातडं नाही, दूध नाही असा शिक्क्याचा कागद. पाडव्याला कौल लावू. कागद नाही आला किंवा कौल डावा पडला, तर पुढल्या सालापासून अत्तराचा मान रावजींच्या घरात. "आत्मा अब्दागिरी धरील," ते म्हणाले. "तेवढाच त्याला व्यायाम."

गाव हसलं. भाऊही हसले, पण त्यांना लागलं. नऊ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांचा हात धरून देवीला पहिला फाया लावून घेतला होता. वडील एरवी बोलायचे नाहीत की जवळ घ्यायचे नाहीत. त्यांचा हात हातात होता असं भाऊंना आठवतं ते एवढंच. आपल्या हातून तो मान गेला तर ते नऊ वर्षांचं पोरगंही गेलं, असं त्यांना वाटलं, आणि एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले.

पाडव्याला पंधरा दिवस. भाऊंनी रजेचा अर्ज टाकला, कारण लिहिलं 'घरगुती' आणि कागदाच्या मागे लागले.

पहिल्या कचेरीत, नाव कशाला घ्या, विचारलं, "हे खायचं आहे का?" नाही. "औषध आहे?" नाही. "मग विकताय?" नाही. "मग तुमची तक्रार काय?" भाऊ म्हणाले, तक्रार नाही, दाखला हवाय. टेबलामागचा माणूस बाटली हुंगून बघतो म्हणाला. त्याने हुंगली, शेजारच्याला दिली, त्याने तिसरीला दिली. तिघांनी मिळून वीस-पंचवीस फवारे उडवले आणि पशूंच्या खात्यात जायला सांगितलं. पशूंच्या खात्यात त्यांना पहिला प्रश्न आला, "घोडा जिवंत आहे की मेलेला?" भाऊ म्हणाले, घोडा नाहीच आहे, हेच तर लिहून हवंय. "नसलेल्या जनावराचा दाखला आम्ही कसा देणार? जनावर घेऊन या." इथेही सगळ्यांनी हुंगलं. एक डॉक्टर म्हणाले, "खोगीर बाकी हुबेहूब." भाऊंनी त्यांना हात जोडले, हे तेवढं कुठे बोलू नका म्हणून.

तिसऱ्या ठिकाणी एक तरुण मुलगी मान वर न करता म्हणाली, "साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी या." भाऊ जिन्यातच थबकले. हे वाक्य, ह्याच सुरात, त्यांनी स्वतः तीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. समोरून ऐकायला ते इतकं वाईट लागतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे लोकांनी सांगितलं असणार, पण तेव्हा ते फाईल वाचत होते.

शेवटी निलेशच्या ओळखीने एक खासगी प्रयोगशाळा सापडली. त्यांनी नमुना म्हणून पस्तीस मिली मागितलं. सबंध बाटली पन्नासची. भाऊंनी काळजावर दगड ठेवून ओतून दिलं. अहवाल कधी? दीड महिन्याने. पाडवा कधी? आठ दिवसांनी. ओतलेलं परत मिळतं का? नाही.

"भाऊ, मी काय म्हणतो," निलेश म्हणाला, "ज्याने बनवलं त्यालाच विचारा ना." हे त्याला पस्तीस मिलीच्या आधी का सुचलं नाही, असं भाऊ मनात म्हणाले.

संस्कृतीने कंपनीला लिहिलं. कंपनी म्हणजे एक माणूस आणि त्याची बहीण. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, तिने फोनवर मराठीत वाचून दाखवलं.

"माननीय श्री. रेवाळे, तुमच्या देवीने माझे अत्तर लावले हे वाचून मी दिवसभर काम करू शकलो नाही. मी शपथेवर सांगतो की त्यात घोडा नाही. खोगिराचा वास भूर्ज झाडाच्या सालीच्या डांबरापासून येतो. दूध प्रयोगशाळेत बनवलेले असून ते दूध नाही. मी मंगोलियाला कधीही गेलेलो नाही. मला प्रवास सोसत नाही आणि घोड्यांच्या जवळ गेल्यास शिंका येतात."

"म्हणजे मंगोलियाही नाही त्यात?" वहिनींनी विचारलं.

"नाही," भाऊ आनंदाने म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा फसवणूक झाल्याचा त्यांना एवढा आनंद झाला होता.

पण गावाला शिक्का हवा होता आणि ईमेलला शिक्का नसतो. संस्कृतीने पुन्हा लिहिलं. ते भाऊबहीण भले लोक, त्यांनी पत्र छापून, सही करून, शिक्का मारून पाठवलं. पाडव्याच्या आदल्या दुपारी कुरियरचं पाकीट दारात आलं. भाऊंनी उघडलं आणि खुर्चीत बसले. शिक्का मोठा, लाल, ठसठशीत होता. मधोमध उधळलेला घोडा.

"अंगठा ठेवून दाखवा," वहिनी म्हणाल्या. दुसरा उपाय नव्हताच.

पाडव्याला देऊळ भरलं होतं. भाऊंनी कागद उंच धरला, अंगठा शिक्क्यावर. संस्कृतीने लिहून पाठवलेलं मराठी त्यांनी वाचून दाखवलं. झाडाच्या सालीचं डांबर ऐकून माणसं माना हलवू लागली. रावजी म्हणाले, "शिक्का बघू दे." भाऊंचा अंगठा हलेना. रावजींनी तो हळूच, मोठ्या भावाच्या हक्काने, उचलला.

मग जो गलका झाला तो धाकू गुरवांनी हात वर करून थांबवला. "कागद मानसांचा," ते म्हणाले. "मानसांनी वाचला. आता जिला लावलान तिला इचारू."

गाऱ्हाणं सुरू झालं. "बाय नवलाई, पावणाई, केदारलिंगा महाराजा! ह्या तुझ्या लेकरानं जानता-अजानता परमुलखाचा अत्तर तुला लावलान..."

"व्हय महाराजा!"

"तुला रुचला असंल तर उजवी दे, रुचला नसंल तर डावी दे, पन लेकराला पदराखाली घे..."

"व्हय महाराजा!"

देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. आणि दोन्ही पडेनात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. भाऊंना डावं फूल सैल झाल्यासारखं दिसू लागलं. त्यांनी देवीला मनातल्या मनात सांगितलं की बाई, चूक माझी आहे, पोरीची नाही, तिच्यावर राग धरू नकोस. शेजारी रावजी डोळे मिटून उभे होते आणि त्यांचेही ओठ हलत होते. ते काय मागत होते हे देवीलाच ठाऊक.

उजवं फूल पडलं.

देवळात आरोळी उठली. भाऊंचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. सगळ्यात आधी पाठीवर थाप पडली ती रावजींची. "चला, वाचलास," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बऱ्यापैकी खरा होता. धाकू गुरवांनी नारळ हातात देताना भाऊंच्या कानाशी सांगितलं, "मला तवाच कळला हुता. भाजावळीच्या धुराचा वास तो, शेतात शेन-पाला जाळतो त्याचा. देवी जल्मभर हाच वास घेत आली." मग ते वळून मोठ्याने म्हणाले, "देवीनं पसंत केलान. आता दरसाल ह्योच अत्तर!"

"व्हय महाराजा!" गाव म्हणालं. भाऊही म्हणाले. आपण कशाला होय म्हटलं, हे त्यांना नंतर कळलं.

नंतर म्हणजे महिन्याभराने. पुढल्या शिमग्यासाठी आणखी एक बाटली पाठव, असं त्यांनी संस्कृतीला सांगितलं. कंपनीचं उत्तर आलं की तीनशेच बाटल्या काढल्या होत्या, संपल्या, पुन्हा काढणार नाही. तो सज्जन माणूस आता कुठल्याशा दुसऱ्या लांबच्या मुलखावर अत्तर करत होता, घरी बसून. भाऊंनी धाकू गुरवांना फोन लावला. पुन्हा हिन्यावर जायचा कौल लावता येईल का?

"आत्माराम," पलीकडून आवाज आला, "देवी म्हंजे काय तुमची कचेरी हाय, एकदा मंजूर केलेला फिरवायला?"

त्याच दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. एका ओळीचा. नमुना अपुरा.

दुपारी जेवायच्या वेळेला निलेश बाटली घेऊन टेबलाशी बसला. उजेडासमोर धरली, तिरकी केली, पट्टी लावली. हुंगणाऱ्यांनी आणि प्रयोगशाळेने ठेवलं ते नऊ मिली. "एका मिलीत दहा फवारे धरा," तो म्हणाला. "नव्वद. वर्षाला तीन रुपांचे तीन. तीस वर्षं आरामात."

"तीस वर्षं," भाऊ खिन्नपणे म्हणाले. "आणि मी सत्तावन्नचा. आमचं काय, पिकलं..."

"सत्तावन्न आणि तीस, सत्त्याऐंशी," वहिनी आमरस वाढत म्हणाल्या. मोसमातली पहिली पेटी होती, घरभर वास सुटला होता. "देवीने उजवी दिलीय. गावासमोर होय म्हणून आलायत. सत्त्याऐंशीपर्यंत तुमची सुटका नाही."

"अगं, पण माणसाच्या हातात का आहे ते?"

"नसेना का. मधेच गेलात तर बाटली रावजीभावोजींच्या हातात जाईल, एवढंच. ते सहा महिन्यांनी मोठे असले तरी रोज पहाटे जांभ्याच्या पायऱ्या चढून देवळात जातात. ठणठणीत आहेत."

भाऊंनी बाटलीकडे पाहिलं, मग वाटीकडे. पहिली वाटी त्यांनी चाटूनपुसून संपवली. वहिनींनी सवयीने दुसरी भरून पुढे सरकवली. भाऊंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, डोळे मिटले आणि ती निलेशच्या ताटाशी नेऊन ठेवली.

"माझे ते चालायचे बूट," ते म्हणाले, "कुठे ठेवलेस गं?"